मालक कुठं राहतो?

शुद्धलेखन चुकलं तर आधीच माफी मागतो. नववीत शाळा सुटली, त्यामुळं शब्दही साधेच आहेत. पण गंगाखेडला एका मोबाइल कंपनीनं स्वतःचं स्टोअर उघडलं, मी तिथं कामाला लागलो आणि किस्से इतके साठले की आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अडचण एकच होती. लोक फोन बघायला आमच्याकडं यायचे आणि घ्यायचे मात्र बाजारातल्या ओळखीच्या दुकानातून! आमचे मॅनेजर सर पुण्याचे. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत विक्री वाढली नाही, तर कंपनी स्टोअर बंद करणार." म्हणजे माझी नोकरी गेलीच.

काचेचं दार, चकचकीत फरशी. लोक चपला बाहेर काढूनच आत यायचे. सरांनी पाटी लावली, 'चप्पल घालून आत या.' दुसऱ्या दिवसापासून लोक त्या पाटीखाली चपला काढायला लागले! रस्त्यानं जाणाऱ्या एका मावशींनी मला विचारलं, "आत पूजा हाय का रं?"

टेबलावरचे फोन कुणीही हाताळावेत, गिऱ्हाइकाच्या मागं लागायचं नाही, हा कंपनीचा नियम. एका आजीला सर म्हणाले, "घ्या ना हातात, काही होत नाही."

आजी मागं सरकली. "फुकट हातात द्यायलेत म्हंजी कायतरी गडबड हाय!"

सोनपेठच्या एका काकांना किंमत कमी करून हवी होती. सर म्हणाले, "काका, आख्ख्या देशात हीच किंमत आहे."

"मग आख्ख्या देशात कमी करा की!"

जिनिंग मिलमधल्या एका कामगाराचा फोन चार्ज होत नव्हता. सरांनी चार्जिंगच्या भोकात अडकलेला कापूस काढला आणि पैसे घेतले नाहीत. तो तडक शेजारच्या रिपेरिंगवाल्याकडं गेला. "बग बरं, आतलं काय काढून घेतलंय का?"

एका संध्याकाळी बळीराम नावाचे एक अनोळखी मामा आले. पोरीला कॉलेजसाठी फोन घ्यायचा होता. एक पसंत पडला. मग त्यांनी सरांना विचारलं, "मालक कोण?"

"कंपनी."

"ती ऱ्हाती कुठं?"

सरांनी टोल फ्री नंबर सांगितला.

"नंबर घिऊन काय करू? उद्या बिघडला तर कुणाच्या दारात जाऊ?"

मला गिऱ्हाइकाशी बोलायला लय लाज वाटते. पण मामा दाराकडं वळले, तसं तोंडातून निघून गेलं, "माझ्या दारात या, मामा. पाण्याच्या टाकीमागं, निळं दार."

मामांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बगू," म्हणाले, आणि चपला घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो. निळ्या दारात मामा उभे!

"काय झालं, मामा?"

"काय न्हाई. घर खरंच हाय का बगाया आलो."

आईनं चहा केला. मामांनी तिचं माहेर विचारलं, चहा संपवला, बशी खाली ठेवली.

"चल, उघड दुकान."

चावी माझ्याकडंच असते. मी तोंड धुतलं आणि दहाला उघडणारं स्टोअर त्या दिवशी आठलाच उघडलं. मामा चपला घालूनच आत आले.