पिवळं काळं येतं

आमच्या घरात माझ्या पत्नीचा एकच फोटो आहे. वीतभर उंचीचा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. नवा पाहुणा आला की तो फोटोजवळ जातो, जरा वाकून बघतो आणि हळूच विचारतो, "देवी येऊन गेल्या होत्या का त्यांना?" मी सांगतो, नाही, तिचे गाल स्वच्छ होते. पाहुणा मान हलवतो, पण डोळे फोटोवरच असतात.

युद्धाच्या बऱ्याच आधीची गोष्ट. नंदुरबारच्या डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की ती पावसाळा काढेल याची खात्री नाही. मी तिला काही बोललो नाही. तिनेही विचारलं नाही. आमची मुलगी तेव्हा नुकती भिंत धरून चालायला लागली होती. तिच्याकडे बघत पत्नी एवढंच म्हणाली, "पोरले मन्हं तोंड याद ऱ्हाणार नही. एक फोटू काढी ठेवा."

आमचं गाव तापीच्या या तीराला, प्रकाशा हे तीर्थाचं गाव त्या तीराला. तिथल्या यात्रेत एक फोटोवाला तंबू ठोकून बसला होता. मी आदल्या दिवशी जाऊन त्याला सगळं नीट विचारून घेतलं. कामाला सुरुवात करण्याआधी विचारून घ्यावं, हा माझा स्वभाव आहे. तो म्हणाला, सकाळी या, उजेड चांगला असतो. तोंडाला तेल नको, चकाकतं. पान खाऊन येऊ नका, ओठ काळे येतील. फिकट निळं नेसवू नका, कॅमेऱ्यातल्या काचेमुळे फोटोत ते पांढरं उमटतं.

तिने नेमकं आवडीचं आकाशी लुगडं काढून ठेवलं होतं. मी फोटोवाल्याचं म्हणणं सांगितलं तेव्हा ती हसली. "पांढरं नको बाई. लोक म्हणतीन, नवराच पहिले गया." मग लग्नातलं हिरवं लुगडं निघालं. चोळी फार सैल झाली होती, म्हणून माझ्या आईने दोन्ही बाजूंनी ती आत घेतली. गळ्याची हाडं दिसू नयेत म्हणून पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायचा ठरलं. बांगड्या मनगटावरून निसटत होत्या. ती म्हणाली, "हात मांडीवरच ठेवसू. तथून कुठे जातीन?"

सकाळी नावेत बसण्याआधी आईने तापीमाईची ओटी भरली. आमच्याकडे सुवासीण नदी ओलांडायला निघाली की ओटी भरतात आणि उरलेली हळद तिच्या गालांना लावतात. आईने त्या दिवशी नेहमीसारखं बोट टेकवून सोडलं नाही. पाण्याशी बराच वेळ हात जोडून उभी राहिली आणि मग हळद ओली करून सुनेच्या दोन्ही गालांवर अंगठ्याने दाबून, पसरून लावली. आईला डॉक्टरांचं बोलणं मी सांगितलं होतं. तिने ते मान्य केलेलं नव्हतं.

तंबूत फोटोवाल्याने पत्नीला खुर्चीवर बसवलं, मागून डोक्याला लोखंडी टेकू लावला आणि कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "बाई, ती हळद पुसून घ्या. पिवळं काळं येतं. डाग पडल्यासारखं दिसेल."

मी खिशातून रुमाल काढला. आई मध्ये आली. "तापीमायनी हळद शे ती. पुसस का कोणी?" तिचा आवाज चढला नव्हता, पण ती खुर्चीसमोरून हलली नाही. फोटोवाला माझ्याकडे बघू लागला. बाहेर लोक खोळंबले होते.

पत्नीने मला जवळ बोलावलं आणि अगदी हळू म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्यास्ले बरं वाटई. पोरले तुम्ही सांगजात, ती हळद व्हती."

मी रुमाल परत खिशात ठेवला. फोटोवाल्याने सांगितलं, मी पाचपर्यंत मोजतो, तेवढा वेळ हलायचं नाही, खोकायचं नाही. तिने खोकला धरून ठेवला. कॅमेऱ्याच्या भिंगावर परत टोपण बसल्यावर मात्र तो आवरेना. आईने तिला पोटाशी धरलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. हळद तेव्हाच आईच्या लुगड्याला पुसली गेली.

तिचा पावसाळा निघाला नाही.

मुलगी विचारण्याएवढी झाली तेव्हा मी तिला पत्नीने सांगितल्याप्रमाणे सांगितलं. ही तुझी आई, आणि गालांवर आहे ती हळद. तिने फोटो उचलून उजेडात धरला. "फोटूमा त काळं दिखस, आबा." मी फोटोवाला, काच, रंग, सगळं समजावलं. ती ऐकून घेई. पण खेळताना बाहुलीच्या गालांना ती चुलीतला कोळसा लावायची आणि म्हणायची, ही आई. मी ते पुसलं नाही. सांगितलेलं आणि दिसलेलं यांत दिसलेलंच टिकतं, हे मला त्या पोरीकडून कळलं.

परवा तिचं लग्न झालं. हळद लागली तशी ती अंगणातून उठून थेट माझ्याकडे आली. बायका मागून ओरडत होत्या, अगं बस, अजून पाय राहिले. तिने ओसरीच्या भिंतीवरचा फोटो काढून स्वतःच्या तोंडाशेजारी धरला.

"आबा, अशी व्हती का ती?"

मी बघितलं. नाक तिच्या आईचं, कपाळही तिचंच. गाल पिवळे, ओले, उन्हात चमकणारे.

"अशीच," मी म्हणालो.

"मंग पिवळंच व्हतं ते," ती म्हणाली आणि रडू लागली. इतक्या वर्षांत आईसाठी ती पहिल्यांदाच रडली.

तिच्या आईने माझ्यावर सोपवलेलं काम त्या दिवशी झालं. मुलगी आता सासरी आहे. निघताना फोटो मी तिच्याबरोबर देत होतो, पण तिने तो परत भिंतीवर लावला आणि म्हणाली, मन्हाकडे आता ती शे. संध्याकाळी मी डोळे मिटून पत्नीचा चेहरा आठवतो. खुर्ची दिसते, हिरवं लुगडं दिसतं, मांडीवरचे हात दिसतात. गाल आठवू लागलो की तिथे ते दोन काळे डागच येतात. मी ते पिवळे करून बघतो. होत नाहीत.