वाफ्यातली रुई

मी चौथी. म्हणजे खरी तिसरीच. यांच्या पहिल्या दोघी बाळंतपणात गेल्या, आणि तिसरी बायको जगत नाही म्हणतात, म्हणून माझ्याआधी यांचं लग्न परसातल्या रुईशी लावलं. मरण यायचं ते रुईला येईल, मी सुटले! सटाण्याकडच्या बिनहुंड्याच्या मुलीला तिजवर तरी मिळाला, हेच नशीब, असं माझे वडील म्हणाले.

पंचवटीतल्या त्या परसात सासूबाईंची शेवंती होती. लग्नानंतर रुई वाळली आणि सगळे निर्धास्त झाले. पण वाळण्याआधी तिची बोंडं फुटली होती. मला दिवस राहिले त्याच पावसाळ्यात शेवंतीच्या वाफ्यांत जिकडेतिकडे रुईची रोपं उगवली. आता या रोपांचं करायचं काय? दुसऱ्या कुणी उपटून उकिरड्यावर टाकली असती. आमच्याकडे ती माझी सवत होती ना!

"हात लावशील तर खबरदार," सासूबाई म्हणाल्या. "सून आहे ती. दुखावली तर उलटेल."

शेजारची फुलवाली नेमकं उलटं सांगे. "अवो, ती जित्ती हाय म्हंजे मरण मोकळं हाय. उपटा आन् द्या गंगेत सोडून."

इकडे आड, तिकडे विहीर. रोपं गुडघ्याएवढी झाली, माझं पोटही दिसू लागलं. सकाळी उठले की आधी परसात जाऊन बघे, एखादं वाढलं का, एखादं मेलं का. आणि मेलं तर ते बरं की वाईट, तेही कळेना. यांना विचारावं तर एकच उत्तर, "आई सांगेल तसं कर." असा संताप यायचा! तोंडाला कुलूप घातलंय की काय या माणसानं, असं वाटे.

सातव्या महिन्यात एका दुपारी सासूबाई पुराणाला गेल्या होत्या. परसात खुरप्याचा आवाज आला. बघते तर हे उकिडवे बसून रोपं उपटतायत, हात चिकानं पांढरे.

"अहो, डोळ्यांत जाईल तो चीक! आणि सासूबाईंना काय सांगणार?"

खाली बघतच ते म्हणाले, "रुईनं काही होत नसतं, ठाऊक आहे मला. पहिल्या दोघींनाही दवाखान्यात न्यायचं माझ्या मनात होतं. आई नको म्हणाली, मी गप्प बसलो. अजून तिच्यापुढे बोलायची छाती होत नाही. म्हटलं, निदान हे तरी करावं."

अगं बाई! इतके महिने मी झुडपांना भीत होते!

"ठेवा ते खुरपं," मी म्हणाले. "हात धुऊन या. दवाखान्याचं सासूबाईंशी मीच बोलते. तुम्ही काही बोलू नका. नुसते माझ्या शेजारी उभे राहा."

दाराची कडी वाजली, सासूबाई आल्या. मी दार उघडलं. हे शेजारी उभे होते.