रात्री दोन वाजताचा डिमेलो

"हा बघा तुमचा डिमेलो!" कर्णिक साहेबांनी प्रिंटआउट माझ्या टेबलावर आपटला. "रात्री दोन, रात्री तीन. रोज!"

कर्णिक आमचे पर्सोनेल मॅनेजर. अंधेरीच्या एमआयडीसीत आमची औषधांची फॅक्टरी होती आणि मी तिथे प्रोग्रॅमर. स्टोअरमधून महागड्या इंजेक्शनचे खोके गायब होत होते. स्टोअरच्या दारावर कार्ड पंच करायचं मशीन होतं. त्याच्या नोंदी आमची ऑपरेटर कॉम्प्युटरवर चढवायची. त्यांवरून कोण कधी आत गेलं याचा रिपोर्ट साहेबांनी बाहेरच्या माणसाकडून गुपचूप करून घेतला होता.

डिमेलो स्टोअरकीपर, मरोळ गावठाणातला. आदल्याच दिवशी गेटवर सगळ्यांसमोर त्याची झडती झाली. डब्यात उरलेली भाकरी सापडली. तरी आता सस्पेंशनचं पत्र टाइप होत होतं.

रिपोर्ट बघून मलाही संशय आला. आधी डिमेलोचा, मग रिपोर्टचा. त्यात दुपारनंतरची एकही नोंद नव्हती. डिमेलोची तर सेकंड शिफ्ट, दुपारी दोनपासूनची. मग तो दुपारी स्टोअर उघडायचाच नाही?

"साहेब, पत्र जरा थांबवा."

"का? तुम्ही पण त्यात आहात की काय?"

मी कॉम्प्युटरवर पंचिंगच्या नोंदींचं टेबल उघडलं. तारीख आणि वेळ एकाच रकान्यात सलग होती. आधी तारीख, मग तास-मिनिटं आणि अगदी शेवटी ए किंवा पी. ए म्हणजे दुपारी बाराच्या आधी, पी म्हणजे नंतर. रिपोर्टवाल्याने तासाचे दोन आकडे कापून घेतले आणि शेवटचं अक्षर सोडून दिलं. दुपारचे दोन झाले रात्रीचे दोन.

पी असेल तिथे तासात बारा मिळवले, बारा वाजताच्या नोंदी वेगळ्या हाताळल्या आणि नवा रिपोर्ट काढला. मध्यरात्रीनंतर स्टोअरमध्ये कोणीच गेलं नव्हतं.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे माल दिवसाढवळ्या गेला? आपल्या डोळ्यांसमोर?"

त्यानंतर ते सगळ्यांकडेच निरखून बघायला लागले. माझ्याकडेसुद्धा. पत्र फाडलं गेलं. खोके मात्र सापडले नाहीत.

मी डिमेलोला सांगायला गेले.

"थँक्यू गं बाय," तो म्हणाला. "पण स्टोअरची चावी नको आता. पॅकिंगला बदली मागितलीय."

"अरे, पण तू सुटलास ना!"

"तुझ्या कॉम्प्युटरमध्ये. गेटवरची माणसं अजून डब्याकडे बघतात."

नव्या प्रोग्रॅमरने रिपोर्ट आणला की पुढे कितीतरी वर्षं मी आधी एकच गोष्ट शोधायचे: यात दुपार आहे का?