जावई मैदानाबाहेर

माझ्या मेव्हण्यानं मला लेखी माफ केलेलं आहे, आणि ते पत्र तालुक्याच्या कचेरीत फायलीला लावलेलं आहे. आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत एवढं पक्कं काम कुणाचंच नाही. बाकीच्यांच्या माफ्या सगळ्या तोंडी!

मी पीटी मास्तर. बिदर जिल्ह्यात दुबलगुंडीकडच्या एका खेड्यात मराठी शाळा आहे, तिथं मुलींना खो-खो शिकवतो. माणूस म्हणाल तर मी गरीब आहे. (हे माझं मत. महानंदा, म्हणजे माझी बायको, या वाक्याला नेहमी हसते.) पण दुसऱ्याच्या तोंडात शिट्टी बघितली की माझं डोकं फिरतं. शिट्टी वाजली रे वाजली की ती आमच्याच विरुद्ध वाजली, असं मला वाटायला लागतं. एकदा तर शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, तेव्हा मी खुर्चीतून उठून "कशाचा फाऊल?" म्हणालो होतो.

आता आमच्या तालुक्याची पद्धत अशी, की स्पर्धेला पंच काही आभाळातून पडत नाहीत. पीटी मास्तरांतलेच पंच होतात. आज तू माझ्या मॅचला, उद्या मी तुझ्या. त्यामुळं सगळेच एकमेकांशी गोड बोलून असतात. सगळे म्हणजे मी सोडून.

त्या शनिवारी मुलींची सेमीफायनल होती. आमच्या शाळेची पोरं-पोरी आजवर तालुक्यातून एकदाही जिल्ह्याला गेली नव्हती. यंदाची टीम मात्र पोलादी होती, आणि कॅप्टन माझीच लेक, भाग्यश्री. नववीत आहे. जिल्ह्याला जायचंच म्हणून सहा महिने ती पहाटे पाचला उठत होती. घरातल्या भिंतीवर तिनं खडूनं 'बिदर' लिहून ठेवलं होतं, आणि महानंदानंही दसऱ्याच्या साफसफाईत ते पुसलं नव्हतं.

मैदानात गेलो, तर पंच कोण? काशिनाथ अण्णा! महानंदाचा थोरला भाऊ. म्हणजे माझा मेव्हणा आणि भाग्याचा सख्खा मामा. नोकरी आमच्याच तालुक्यात, घर बिदरला मैलूरमध्ये. माणूस इतका सरळ, की रस्त्यात दहाची नोट सापडली तर तासभर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो.

मी मनात म्हटलं, चला, घरचाच पंच आहे. आता काय काळजी!

शेवटचा डाव. आमच्या पोरी पाठलागावर. समोरच्या टीमची एक उंच पोरगी कुणाच्या हाताला लागत नव्हती. ती भाग्याच्या अगदी पुढ्यातून पळाली, तशी भाग्या उठली, झेपावली आणि टेकवला हात तिच्या पाठीला! मी टोपी उडवली. तेवढ्यात शिट्टी. अण्णानं हात वर केलेला. फाऊल! मागच्या पोरीनं खो दिलाच नव्हता आणि त्याआधीच भाग्या उठली, म्हणून ती उंच पोरगी बाद नाही.

झालं. माझी टोपी खाली यायच्या आत मी अण्णासमोर हजर.

"अण्णा, खो दिलता तिनं! दिसंना झालंय का तुमाला?"

"न्हाई दिला, दाजी. जागेवर जावा."

"डोळं तपासून घ्या की एकदा!"

"जागेवर जावा म्हणलो ना."

भाग्या मधे आली. "अप्पा, राहू द्या. मीच चुकले."

"तू गप बस!" म्हणून मी तिलाच दटावलं आणि तरातरा निघालो पंचांच्या टेबलाकडं, तक्रार करायला. टेबलावर माइक होता. नावं पुकारणारा माणूस चहाला गेला होता, आणि जाताना माइक चालूच ठेवून गेला होता. मला काय ठाऊक! मी आपला टेबलामागं बसलेल्या म्हाताऱ्या हेडमास्तरांना पोटतिडकीनं सांगतोय, आणि ते सगळ्या मैदानाला, मैदानापलीकडच्या बसस्टँडला आणि बसस्टँडपलीकडच्या भाजीबाजाराला ऐकू जातंय:

"ह्या माणसाला मी अठरा वर्सं वळखतो, सर! लग्नात ह्यानं मला घड्याळ दिलं. पयल्या दिवसापासून बंद! अठरा वर्सं सवादहाच वाजलेत त्यात! तसल्या माणसाला तुमी पंच कामून केलाव?"

मैदान गार. अण्णाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यानं फक्त हातातल्या स्टॉपवॉचकडं बघितलं आणि म्हणाला, "तीस सेकंद गेले. खेळ चालू."

गंमत बघा, पोरी तरीही एका गुणानं जिंकल्या. मी मात्र हरलो. स्पर्धेच्या प्रमुखांनी मला बोलावून कागद हातात दिला. उद्याच्या फायनलला कोच मैदानात पाय ठेवणार नाही, कंपाउंडच्या भिंतीबाहेर थांबेल. आणि उद्या सकाळी दहाच्या आत माफीपत्र पाहिजे, खाली पंचांची 'माफ केले' म्हणून सही पाहिजे. सही नसेल तर टीम बाद.

"टीम कामून बाद, सर? वरडलो तर मी!"

"मग आधी इचार करायचा हुता, मास्तर."

घरी आलो तर महानंदा दारातच. माइकवरचं सगळं बाजारातून तिच्यापर्यंत माझ्याआधी पोचलं होतं.

"माझ्या भावाला भर मैदानात? आन् ते बी घड्याळावरनं?"

आत भाग्या भिंतीकडं तोंड करून पडली होती. 'बिदर' लिहिलेल्या भिंतीकडं. रडून डोळे सुजलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टीम खेळून जिंकली होती, आणि बापाच्या तोंडामुळं बाद व्हायला निघाली होती.

रविवारी सहाला मोटरसायकल काढली. खिशात माफीपत्र. रात्री बसून लिहिलं होतं आणि खरं सांगतो, मला ते फार छान वाटत होतं. मैलूरला पोचलो तेव्हा साडेसात झाले होते.

दार सासूबाईंनी उघडलं. आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो. "बर्री, बर्री! जावई आले!" असं कानडी-मराठीत स्वागत करून त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. (मैदानावरचं त्यांच्या कानावर गेलं नव्हतं. अण्णानं घरात एक शब्द काढला नव्हता. असा माणूस!) अण्णा आतून आला. "या दाजी, बसा." बस्स, एवढंच. मी लगेच हात जोडायला गेलो, तर त्यानं डोळे वटारले.

"हात खाली घ्या. अव्वा बघायलीय."

"पण अण्णा, दहाच्या आत..."

"घरात तुमी जावई हाव. जावई माझ्या घरात येऊन हात जोडायला लागला तर म्हातारी दोन दिवस जेवायची न्हाई. आधी खाऊन घ्या."

आणि मग शेंगापोळी आली! एक खाल्ली. दुसरी आली. तूप आलं. "जावई वाळलेत" म्हणून तिसरी आली. इकडं भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून गेले, माझा जीव अर्धा झाला, आणि अव्वा म्हणताहेत, भाकरी टाकते, भरल्या वांग्याची एण्णेगाई आहे, जेवूनच जावा. मी तिसऱ्या पोळीचा घास गिळत अण्णाकडं केविलवाणं बघितलं. तो शांतपणे उठला, आत गेला आणि बाहेर आला तो पांढरी टोपी घालून, गळ्यात शिट्टी अडकवून.

"अव्वा, दाजीला गाडीपर्यंत सोडून येतो."

फाटकाच्या बाहेर, रस्त्यावर आल्यावर तो माझ्याकडं वळला. "हां. आता मी पंच. बोला."

मी माफीपत्र काढून दिलं. त्यानं खिशातून लाल पेन काढलं. (मास्तरच तो!) मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून वाचायला लागला आणि पहिल्याच ओळीला थांबला.

"'जर आपले मन दुखावले असेल तर.' जर कामून?"

"तसं लिहायची पद्धत है, अण्णा."

"दुखलं न्हाई असं वाटायलंय का तुमाला?"

त्यानं 'जर'वर लाल काट मारली आणि कोरा कागद पुढं केला. सीटवर वाकून मी दुसरं पत्र लिहिलं. या वेळी कसर ठेवली नाही. 'आपल्यासारखे देवमाणूस पंच या तालुक्यात दुसरे नाहीत' इथपर्यंत गेलो. त्यानं तेही वाचलं.

"खोटं लिहू नका."

"आता आणि काय लिहू, सांगा की!" माझा आवाज चढलाच. साडेआठ झाले होते.

अण्णानं मोबाइल काढून माझ्या हातात दिला. कुणा पालकानं सेमीफायनलचं शूटिंग केलं होतं. ती उंच पोरगी पळत येते. भाग्या पाट्यावर बसल्यासारखी घट्ट बसलेली, मागून खो यायची वाट बघत. आणि मैदानाबाहेरून एक रेड्यासारखा आवाज येतो:

"ऊठ गं भाग्या! ऊठ! पळ!"

आणि पोरगी उठते.

मी तो भाग तीनदा बघितला. तिन्ही वेळा आवाज माझाच होता. घरात अप्पा 'ऊठ' म्हणाले की ती उठते. पहाटे पाचला उठते, जेवणावरून उठते. तिथंही उठली. आणि नंतर सगळ्यांसमोर म्हणाली, मीच चुकले. बापाचं नाव घेतलं नाही. मी उलट तिलाच गप बस म्हणालो होतो. डोळ्यात पाणी आलं माझ्या. लपवलं नाही, लपवायला तिथं होतं कोण? मेव्हणाच तर होता.

"तुमी कालच सांगायचं हुतं की, अण्णा."

"तुमी ऐकायलता व्हय?"

तिसरं पत्र तीन ओळींचं झालं. मुलगी माझ्या सांगण्यावरून उठली. पंचांचा निर्णय बरोबर होता. चूक माझी आहे, माफ करा. अण्णानं वाचलं, लाल पेन खिशात घातलं, निळं काढलं आणि खाली लिहिलं: 'माफ केले.' मग सही, आणि मोबाइलवर पत्राचा एक फोटो.

मी किक मारली, तसा तो म्हणाला, "दाजी, त्या घड्याळाचं."

"जाऊ द्या हो, अण्णा."

"नवीन घड्याळाची चावी बाहेर ओढलेली असती. ती आत दाबावी लागती, मग चालू हुतंय. तुमी दाबलीच न्हाई."

मी किक अर्धवट सोडली. "हे तुमाला ठाऊक हुतं?"

"लग्नातच दिसलं. पण नवरदेवाला चुकलं म्हणून सांगणार कोण?"

पावणेदहाला पत्र टेबलावर. टीम वाचली. मी नियमाप्रमाणं भिंतीबाहेर. आता माझ्या जागी आत कोच म्हणून कुणी तरी पाहिजे, तर शाळेतून सिद्धम्मा टीचर आल्या होत्या. कन्नड शिकवतात. त्यांचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही आणि खो-खोत किती जणी खेळतात हे त्यांनी माझ्यादेखत भाग्याला विचारलं. मी मनात म्हटलं, गेलं बिदर!

भिंतीलगत उसाच्या रसाचा गाडा होता. मी त्याच्या बाकावर चढलो. खेळ सुरू झाला, तसं माझं तोंड उघडायला लागलं. रसवाला म्हणाला, "सर, बाकावर उभं ऱ्हायचं असंल तर रस घ्यावा लागतोय." मला युक्ती सुचली. तोंड उघडलं की ग्लास लावायचा! फाऊल झाला, ग्लास. आमची पोरगी बाद झाली, ग्लास. भाग्या उठणार असं वाटलं, तेव्हा तर मी दोन्ही हातात दोन ग्लास धरले होते. पण ती उठली नाही. बसून राहिली, मागून खो आला आणि मगच सुटली. आत सिद्धम्मा टीचर शेंगा सोलत होत्या आणि प्रत्येक डावाला एवढंच म्हणत होत्या, "पाणी प्या गं, पोरींनो."

अकरा ग्लासांत आमची टीम नऊ गुणांनी जिंकली. दोन्ही डावांत मिळून फाऊल एक.

भाग्या धावत भिंतीपाशी आली आणि वर हात केला. मी वाकून तिचा हात धरला. "चुकलो बाई मी," म्हणालो. ती हसली. "ठाऊक है, अप्पा. मामानं पत्राचा फोटो ग्रुपवर टाकलाय."

माझी बंदी एकाच मॅचची होती. जिल्ह्याच्या स्पर्धेला मी रीतसर आत बसू शकत होतो. नवी टोपीसुद्धा आणली. ते घड्याळ शोधून, चावी दाबून, नवा सेल घालून मनगटावर बांधलं. निघायच्या आदल्या दिवशी बारा पोरी रांगेत माझ्यासमोर आल्या आणि भाग्यानं एक अर्ज पुढं केला. बाराजणींच्या सह्या. विषय: सरांनी बिदरलाही भिंतीबाहेरच थांबण्याबाबत. सिद्धम्मा टीचरना आत पाठवावे, आणि बाहेर रसाच्या गाड्याची सोय बघावी, ही नम्र विनंती.

मी अर्ज दोनदा वाचला. कोपऱ्यात लाल शाईत मामाचा शेरा होता: 'तपासले. बरोबर आहे.' सबंध अर्जात कुठंही 'जर' नव्हता. मी खाली 'मंजूर' लिहून सही केली, आणि घड्याळात बघून वेळही घातली.