घासलेली सळई

मोटारीचं जुनं सामान आठवण म्हणून जपायची हौस आता महाडातही आली आहे. बाजारपेठेतले एक डॉक्टर टेबलावर पिस्टन ठेवतात आणि येणाऱ्या प्रत्येक पेशंटला सांगतात, "आमच्या पहिल्या गाडीचा हं." ठेवा बापडे. जे मागच्या सीटवर बसले त्यांच्या आठवणी चकचकीत राहतात. माझा बाप पुढं बसायचा, आणि गाडी दुसऱ्याची होती.

आमचं घर पोलादपूरच्या वर, घाटरस्त्याच्या खालच्या अंगाला. तिथं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात रेडिएटरचं पितळी झाकण आहे आणि भोंग्याचा चिरलेला रबरी फुगा आहे. झाकण हातात घेतलं की बाबा दिसतात: गोणपाटाचा तुकडा धरून, मान वळवून ते झाकण फिरवत आहेत, आणि वाफ फिस्सकन त्यांच्या टोपीवरून जाते आहे. भोंग्याची गोष्ट आईची. वळणावरून दोनदा भोंगा वाजला की ती भाताचं आधण ठेवायची. शेजारणी चिडवायच्या, "वाजला गो तुझा सनईवाला!" ती म्हणायची, "तुमचे तर न वाजवताच येतात, चोरासारखे."

सळई त्या डब्यात नाही. ती माझ्याकडे, महाडच्या माझ्या छापखान्यात असते. तिचं नाव घेऊन आजवर मी एक ओळ छापलेली नाही, आणि मी कुठल्या विषयावर गप्प बसणारा माणूस नाही हे महाडातल्या भिंतींना विचारा.

बाबा ज्या व्यापाऱ्याची लॉरी चालवत ती लढाईच्या आधीची होती. पायाखालचा ब्रेक दाबला की एक लांब लोखंडी सळई मागच्या चाकांचा ब्रेक ओढायची. ब्रेक ढिला लागतो असं बाबा मालकाला सांगत आले होते. मालकाचं उत्तर ठरलेलं, "या खेपेनंतर बघू." खेपा संपत नसत. एका दुपारी पोती भरलेली लॉरी घाट उतरताना बाबांनी ब्रेक दाबला आणि पाय मोकळाच खाली गेला. लॉरी डोंगराच्या अंगाला घासत नेऊन थांबवायचा त्यांनी प्रयत्न केला. ती उलटून दरीत गेली. पोत्यांवर शिवथरकडचा एक शेतकरी बसला होता, लेकीच्या घरून परत चाललेला. तो जागीच गेला. बाबांचा खांदा निखळला.

मालकानं पोलिसांना सांगितलं, गाडी ठणठणीत होती, ड्रायव्हरनं बेफाम सोडली. सळई तुटलेली सापडली तेव्हा म्हणाला, ती पडताना तुटली. खटला बाबांवर उभा राहिला, मालकावर नाही. आपल्याकडं गाडी मालकाची असते आणि अपघात ड्रायव्हरचा असतो. हे वाक्य मी तेव्हाच पत्रकात छापलं होतं, आजही मागं घेत नाही.

महाडातले एक मिस्त्री माझ्याबरोबर दरीत उतरले. माणूस खवचट, पण हात सोन्याचा. त्यांनी तुटलेली सळई सोडवली, तुटलेलं टोक माझ्या डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाले, "पुढारी, भाषणं ऱ्हाऊ दे, हे वाच. हा अर्धा भाग काळा-तांबडा दिसतो ना? तो गंज. हा एका दिवसाचा नाय. इथं भेग कवाचीच व्हती. हा उरलेला अर्धा चकाकतोय, तेवढाच त्या दिवशी तुटला. तुझा बाप अर्ध्या सळईवर घाट उतरत व्हता."

आमच्या वकिलांना सांगितलं. ते म्हणाले, "आत्ताच माझ्याकडे आणून द्या." मी म्हणालो, "तारखेला आणतो." का? तर भरल्या कोर्टात गोणपाट सोडून ती मालकासमोर मलाच धरायची होती. पत्रकं लिहून लिहून मला टाळ्यांची चटक लागली होती. दुसरं कारण शोधत बसण्यात अर्थ नाही. महाडात मी चौघांबरोबर एका खोलीत राहत होतो, म्हणून सळई गावी नेली, भाताच्या कणगीमागं ठेवली आणि परत आलो. मग एक पत्रक काढलं: 'पुरावा आमच्या हाती आहे!' ते कोर्टाच्या कुंपणावर लावलं, एसटी डेपोत वाटलं. साऱ्या तालुक्याला सांगितलं. चुलीशी बसलेल्या आईला सांगितलं नाही. तिला वाचता येत नव्हतं, आणि कोर्टातलं तिला काय कळणार, असं मला वाटलं.

घाटातल्या त्या वळणावर एका झाडाखाली देवाचा दगड आहे. ड्रायव्हर तिथं नारळ फोडतात. गाडीला दगा देणारी वस्तू, तुटलेला स्प्रिंगचा पाटा म्हणा, जळलेला प्लग म्हणा, तिथंच आणून ठेवतात. माणूस घेतलेलं लोखंड तर कुणी घरात ठेवतच नाही.

तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी मी गावी गेलो. कणगीमागं हात घातला. काही नव्हतं.

"आये, इथली सळई?"

"ती व्हय? देवाला दिली." आई तांदूळ निवडत होती. "तू ठेवलीस व्हय रे? मला वाटलं ह्यांनीच आणली. माणूस खाल्लेलं लोखंड कुणी घरात ठेवतं? उद्या कोर्ट हाय. म्हटलं, आधी देवाचं देवाला जाऊ दे."

"तशीच नेलीस?"

"तशी कशी नेईन? देवाकडं काय मळकं न्यायचं? राखेनं, काथ्यानं घासली. टोक लई धारदार व्हतं, कुणाच्या हाताला लागलं असतं. धुण्याच्या दगडावर चांगलं गुळगुळीत केलं." आणि मग, जरा अभिमानानं, "आरसा झालाय नुसता. जा, बघून ये."

मी गेलो. पाटे, प्लग, नारळाच्या करवंट्या, आणि त्यांत ती. तेल, शेंदूर. पुसून पाहिलं. टोक मुलाच्या खेळण्यासारखं गोल होतं.

ती उचलून महाडला मिस्त्रींना दाखवली तर त्यांनी टोकावरून अंगठा फिरवला. "ही आता नुसती सळई हाय," एवढंच म्हणाले.

बाबांना कोर्टाच्या आवारात सांगितलं. त्यांचा हात झोळीत होता. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "तिला कळलं काय?"

"नाही."

"कळता नये. ती सळई बाहेर काढायची नाय. कुणी घासली म्हणून विचारतील. तिला पिंजऱ्यात उभी करतील."

"बाबा, तुमचा परवाना जाईल. आत टाकतील!"

"मला टाकतील," बाबा म्हणाले. "तिला नाय."

सळई गोणपाटातच राहिली. मिस्त्रींनी गंज तोंडानं सांगितला. सरकारी वकील हसून म्हणाला, "साक्षीदारांनी गंज पाहिला, आता आम्ही त्यांच्या डोळ्यांत पाहायचा का?" कोर्ट हसलं. माझ्या पत्रकाची प्रत त्यानंच खिशातून काढली आणि विचारलं, "तो हाती असलेला पुरावा कुठं आहे?" मी गोणपाट पायानं बाकाखाली सरकवलं. बाबांना कैद झाली आणि परवाना कायमचा गेला. सुटून आले ते शेतावर. महाडच्या बाजारात मेलेल्याचा भाऊ त्यांना बोट दाखवून सोबतच्यांना म्हणाला, "तो बघा, माझ्या भावाला दरीत घालणारा." बाबा हात जोडून उभे राहिले. मी पुढं सरसावलो तर त्यांनी माझी बंडी मागून धरली.

आई अखेरपर्यंत म्हणायची, "देवाला लोखंड दिलं म्हणून थोडक्यात सुटले, नायतर जन्मठेप व्हती." त्यावर बाबा दरवेळी म्हणायचे, "व्हय गो, तुझ्यामुळंच."

ती गेल्या चैत्रात गेली. मी वर्ष सरायचीही वाट पाहिली नाही. हे लिहून गावी नेलं आणि ओसरीवर बाबांना वाचून दाखवलं. मालकाचं आलं तेव्हा ते हुंकार देत होते. धुण्याच्या दगडाशी आल्यावर त्यांनी हात वर केला.

"हे काढ."

"हे काढलं तर तुम्ही सुटत नाही, बाबा. लोक म्हणतील, पोरगा बापाची वकिली करतोय."

"म्हणू दे. ती असताना मी झाकलं, ते काय ती गेल्यावर तू उघडं करायला?"

"मग तुमचं नाव असंच राहू दे?"

"माझं नाव माझं हाय. तुला कुणी दिलं छापायला?"

मी काढलं नाही. मजकूर जुळवून झाला आहे. बाबा तेव्हापासून खालच्या आळीत चुलत्याकडं जेवतात, आणि मी घरी गेलो की मागच्या परड्यातल्या वाटेनं बाहेर पडतात.