बत्तीमामांचं काचघर

बत्तीमामांइतका भित्रा माणूस मी साऱ्या अकोल्यात दुसरा पाहिला नाही. कुलूप लावलं की ते तीनदा ओढून पाहत, चार पावलं जात आणि परत येऊन चौथ्यांदा ओढत. सगळी नोकरी रेल्वेत सिग्नलचे दिवे पुसण्यात, तेल भरण्यात आणि वाती कापण्यात गेलेली. एकदा त्यांच्या पाळीत एक दिवा विझला. ड्रायव्हरने वेळीच गाडी थांबवली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या दिवशी भीती जी त्यांच्या घरी मुक्कामाला आली ती पुन्हा गेली नाही. "काई झालं नाई," ते म्हणत, "पर झालं असतं तं?"

आम्ही त्यांचे भाडेकरू. मी मोर्शीची, शाळेत नुकती लागलेली मास्तरीण. हे कचेरीत कारकून. मामी वारलेल्या, मूलबाळ नव्हतं. घरात बुद्धाच्या तसबिरीखाली मामींचा फोटो आणि अंगणात ते काचघर. कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या जुन्या खिडक्या एकमेकींना ठोकून मामांनी ते उभं केलं होतं. ऊन तापू लागलं की काचांना चुना फासत, वर ओलं गोणपाट टाकत. मामांनी भाजीला बंगला बांधला म्हणून गल्ली हसायची. मामांना मात्र बकऱ्यांची भीती, माकडांची भीती, उन्हाच्या झळांची भीती.

आत सगळे रॉकेलचे रिकामे डबे. खाली पाण्याचा डबा, त्यावर मातीचा. वरच्याच्या बुडाला भोक पाडून त्यातून दिव्याची जाड वात खालच्या पाण्यात सोडलेली. वात तेल ओढते तसं पाणी ओढायची आणि माती हवी तेवढीच ओली राहायची. नळ दोन दोन दिवस कोरडा असला तरी मामांची वांगी टवटवीत. "वात आपल्यावानी इसरत नाई," ते म्हणत.

मला दिवस गेले आणि मामांच्या भीतीला नवं काम मिळालं. मी पायरी उतरू लागले की ते हातातलं टाकून उभे राहत. रोज सकाळी काचघरातले दोन टमाटे, आमच्याकडची भेदरं, माझ्या ओट्यावर आणून ठेवत आणि मी खाईपर्यंत हलत नसत.

फाल्गुनातला रविवार होता. मामांचा भाचा हिवरखेडहून आला होता. काचघरात डोकावून तो म्हणाला, "मामा, कोपऱ्यातला हा डबा पाण्याले काहून लावला? हा तं फवाऱ्याच्या औषधाचा व्हय."

कपाशीवरच्या अळीचं ते औषध तेव्हा नवीनच आलं होतं. जहर होतं ते. पण डबे जाड, गळायचं नाव नाही, म्हणून खेड्यात लोक राखेनं घासून वापरत. भाच्यानेच मागे दोन डबे छपराला ठोकायला आणून दिले होते. त्यातला एक मामांनी चांगला दिसला म्हणून घासून खाली लावला. साऱ्या जगाला भिणाऱ्या माणसाचं त्या एका डब्याला तेवढं भ्यायचं राहून गेलं. आणि त्याच कोपऱ्यातल्या झाडाची भेदरं मी आठ दिवस खात होते.

बाळ सकाळपासून हललं की नाही, काही केल्या आठवेना. हे डॉक्टरांकडे धावले. मामा काचघरात गेले आणि त्यांनी आतून कडी लावली. चुन्याच्या काचेतून नुसती सावली दिसत होती. मला वाटलं, झाड उपटत असतील. बाहेर आले तेव्हा हनुवटीवरून रस गळत होता. झाडावर एकही भेदर उरलं नव्हतं, हिरवंसुद्धा.

"मामा, हे काय केलं तुमी?"

त्यांनी बाहीने हनुवटी पुसली. "तुह्या पोटात थोडं गेलं पोरी, माह्या पोटात जास्त. काई होनार असन तं आदी मले होईन. मंग डाक्टरले समजन, तुले कसं वाचवाचं ते."

दोघांनाही दवाखान्यात ठेवलं. संध्याकाळपासून मामांना उलट्या सुरू झाल्या. त्यात विष किती नि भीती किती, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मला काहीच झालं नाही, पण बाळ हलेपर्यंतची ती रात्र मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. तीन दिवस मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारत होते, पोरगं हाललं का? चौथ्या दिवशी मी त्यांच्या खाटेपाशी गेले आणि त्यांचा हात माझ्या पोटावर ठेवला. ते भिंतीकडे तोंड करून रडले.

घरी आल्यावर त्यांनी काचघर स्वतःच्या हाताने उतरवलं. मुलगी झाली आणि पुढच्या वर्षी यांची अमरावतीला बदली झाली. मोटार स्टँडवर मामांनी माझ्या हातात कोऱ्या वातींची पुडी ठेवली. "डबा तेवढा पाहून घेजो," एवढंच बोलले. दोन वर्षांनी भाच्याचं कार्ड आलं, मामा गेले म्हणून.

त्या वातींवर मी अजून भेदरं लावते. डबा कोरा आणते, तीनदा धुते, तीनदा हुंगते, आणि चार पावलं जाऊन परत येऊन चौथ्यांदा हुंगते. पहिलं भेदर पिकलं की लेकीला हात लावू देत नाही. सकाळी मी खाते, संध्याकाळपर्यंत थांबते, मग तिला देते. ती हसते, म्हणते, आई, कधी काही झालंय का गं?

काही झालेलं नाही. पहिलं भेदर मात्र मीच खाते.