आश्रुबाचं नाक

देवगाव फाट्याच्या अलीकडं दिनकररावाचं शेड हाय. रंगारी लोक वापरलेलं घाण थिनर तिथं आणून देतेत. आश्रुबा ते बंद भांड्यात तापवायचा. वाफ नळीतून गार होऊन पिंपात पडायची. आधी येतं टोल्युइन, मागून झायलीन. दोघं एकाच खानदानातले, दिसायला पाण्यावानी. टोल्युइन एकशे दहा डिग्रीला उकळतं, झायलीनला आणखी तीसेक लागतेत. टोल्युइन संपून भांड्यावरचा डिग्रीचा काटा वर चढाया लागला की पिंप बदलायचं. पण आश्रुबानं काटा कधी बघितला न्हाई. वास घ्यायचा अन् म्हणायचा, "बदल." बावीस वर्षं नाक चुकलं न्हाई.

बायको, दगडाबाई, गेल्यावर तो शेडातच राहायला लागला. पोरगी कावेरी पाथरीला. तिच्याकडं गेला की म्हणायची, "आबा, आंघोळ करून तरी यायचं." तो करूनच गेलेला असायचा. मग जाणंच बंद केलं. शेडात मात्र त्याच्या नाकाला किंमत होती.

ह्या दिवाळीपासून त्याला वासच येईना. चहाचा न्हाई, कांद्याचा न्हाई. कुणाला सांगितलं न्हाई. अंदाजानं "बदल" म्हणत राहिला.

मग बालाजी पेंटर आला. "दिनकरराव, टोल्युइन म्हणून काय दिलाव? सकाळी मारलेलं दार अजून चिकट हाय. लग्नाच्या घरचं दार, अन् त्याला माशा चिकटायल्यात."

दिनकररावानं पिंप बदलणाऱ्या धम्मानंदाला धरलं. "उशिरा बदललास ना? झायलीन मिसळलं, ते लवकर वाळत न्हाई. उद्यापासून येऊ नको."

आश्रुबानं सांगितल्याबिगर धम्मानंदानं पिंपाला कधी हात लावला नव्हता. पण पोरानं आश्रुबाकडं बघितलंसुदिक न्हाई.

आश्रुबाच म्हणाला, "त्याला काहून बोलायलाव? मीच उशिरा सांगितलं. मला वास येत न्हाई."

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

"अन् आता सांगायलाव? समोर काटा होता की."

"काट्यावर काम झालं असतं तर मी कशाला लागलो असतो तुमाला?"

दिनकरराव म्हणाला, "बाहेर हवेत बसा तुमी. धम्मानंद बघंल काम. राहा इथंच, तुमाला कोण हाकलायलाय?"

आश्रुबा बाहेर रिकाम्या पिंपावर बसला. फाट्याकडं जिपा चालल्या होत्या. आत भांडं तापत होतं. बऱ्याच वेळानं आतून पिंप सरकवल्याचा आवाज आला. धम्मानंदानं काटा बघून बदललं होतं. बाहेर येऊन कुणी आश्रुबाला विचारलं न्हाई.